बाही वर करा!

दवाखान्याच्या रजिस्टरला सहा रकाने असतात. तारीख, नाव, वय, खातं, तक्रार, औषध. माणूस काय बोलला याला रकाना नाही. त्यामुळे ते सगळं नर्सच्या डोक्यात साठत जातं. आणि ब्लडप्रेशर मोजताना माणूस फार बोलतो! बाही वर करायला सांगितल्यापासून पारा खाली येईपर्यंत जेमतेम दोन मिनिटं जातात, पण तेवढ्यात तो सासऱ्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. "गप्प बसा, मला ऐकू येत नाही," असं मी दिवसातून वीस वेळा म्हणते. तरी जे ऐकू यायचं ते येतंच.

मी एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. कुठल्या ते सांगत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात कुठेही उभं राहिलं तर एखादं धुराडं दिसतं. त्यातलंच एक आमचं समजा.

एकाहत्तर साली माझे यजमान गेले. याच कारखान्यात केनयार्डवर, म्हणजे उसाच्या गाड्या लागतात त्या आवारात, सुपरवायझर होते. वय त्रेचाळीस. जेवून खुर्चीत बसले, पानाला चुना लावला, आणि पान हातातच राहिलं. अंगाने भरलेले, पोट सुटलेलं, चेहरा लालबुंद. सगळे म्हणायचे, तब्येत मानवली आहे! नर्सच्या घरात राहून त्यांचं प्रेशर एकदाही मोजलं गेलं नव्हतं. बायकोपुढे बाही वर करून बसणं त्यांना बरं वाटत नसे, आणि मीही कधी हट्ट धरला नाही. याबद्दल एवढंच.

पंधराव्या दिवशी मी कामावर आले आणि दातार डॉक्टरांना म्हणाले, "पस्तिशीच्या वरच्या प्रत्येकाचं प्रेशर मोजायचं. आजारी असो, नसो."

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नुकतेच आलेले. म्हणाले, "नुसतं प्रेशर नको, सिस्टर. कंबर आणि लघवीतली साखरही बघू. सुटलेलं पोट, चढलेलं प्रेशर आणि लघवीत साखर, हे तिघं एका माणसात भेटले की त्याच्या हृदयाचं काही खरं नाही."

कॉलनीत बोलणं सुरू झालं, नवरा गेल्यापासून सिस्टर लोकांच्या दंडामागे लागली आहे. म्हणू द्या, म्हटलं.

खरं सांगायचं तर माझं लक्ष एकाच दंडाकडे होतं. माझे धाकटे दीर, शंकरभाऊजी. कारखान्यात बॉयलर अटेंडंट. भावाचंच अंग, भावाचंच पोट, तोच लाल चेहरा. मागे एकदा वाफेने हात भाजला म्हणून ते दवाखान्यात आले होते. मलमपट्टी करता करता डॉक्टरांनी दुसऱ्या दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे दहा! त्यानंतर भाऊजी पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाहीत. भाऊजींना त्यांच्या भावाच्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

* * *

न बोलावता आले ते काष्टीकडचे तुकारामबाबा. कारखान्याचे सभासद, पासष्टीचे, ऊस घालायला बैलगाडी घेऊन आले होते. प्रेशर एकशे ऐंशी. डॉक्टरांनी सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बाबा हजर. गोळ्यांची पुडी तशीच बांधलेली.

"गोळ्या का नाही घेतल्या?"

"कशाला? त्या पट्ट्यानंच लई गुण आला. आज जरा दाबून आवळा."

मी समजावलं, "बाबा, पट्टा औषध नाही. तो फक्त मोजतो. मोजल्याने काही कमी होत नाही."

बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मोजल्यानं कमी होत न्हाई म्हनता? बाई, आमचा ऊस तुमच्या काट्यावर चढला की दर खेपंला कमी हुतोय!"

* * *

चीफ केमिस्ट कुलकर्णीसाहेब म्हणजे कारखान्यातले सगळ्यात शहाणे गृहस्थ. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, त्याला रिकव्हरी म्हणतात. दशांशापुढचे आकडे सुद्धा साहेबांना तोंडपाठ.

लघवीतली साखर बघायची आमची पद्धत साधी. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं लाल झालं तर फारच. साहेबांच्या नळीत सरळ वीट तयार झाली!

"तुमचं रिएजंट जुनं आहे," साहेब म्हणाले.

नवं केलं. पुन्हा वीट.

"नळी धुतलेली नव्हती."

नळी त्यांच्यासमोर धुतली. पुन्हा वीट. साहेब उठले, बाटली कागदात गुंडाळली आणि तडक आपल्या लॅबोरेटरीत गेले. दीड तासाने परत आले. स्टुलावर बसून त्यांनी चष्मा पुसला.

"सिस्टर, मान्य."

"आता गोड बंद करायचं, साहेब. आणि डॉक्टर सांगतील ते औषध."

"करतो. पण एक बरं झालं. यंदा कारखान्याची रिकव्हरी का पडली याचा मी तीन महिने शोध घेत होतो. साखर सगळी इथे येत होती होय!"

* * *

कंबर मोजायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. बाईमाणसाने पुरुषाच्या कमरेभोवती टेप फिरवायची! पहिल्या दिवशी तिघे पळाले. कंपाउंडरला उभं केलं तर लोक श्वास ओढून पोट पाठीला लावायचे.

शेवटी डॉक्टरांनी युक्ती काढली. इथे प्रत्येकाच्या कमरेला करदोडा असतोच. ते गव्हाणीवरच्या, म्हणजे गाळपाला ऊस टाकणाऱ्या, लोकांना म्हणाले, "करदोडा कातरून आणून द्या. आम्ही टेबलावर मोजू."

सगळ्यांचे चेहरे उतरले. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की करदोडा कातरतात तो मेलेल्या माणसाचा. डॉक्टर बिचारे ओशाळले. मग ठरलं, की गाठ न सोडता खाली सरकवून काढायचा आणि लगेच नवा बांधायचा.

दुसऱ्या दिवशी गव्हाणीच्या पाळीचे आठ करदोडे आले. मुकादम श्रीपती स्वतः घेऊन आला. मी टेप लावली. एकोणतीस इंच. दुसरा, एकोणतीस. तिसरा, एकोणतीस. आठही एकोणतीस! धागा नवा कोरा, गाठी एकाच हाताच्या.

श्रीपतीचं पोट माझ्या टेबलाच्या कडेवर टेकलेलं होतं.

"मुकादम, यातला तुमचा कुठला?"

"कुठला बी धरा."

"तुम्हा आठ जणांची कंबर एकाच मापाची?"

"मग! एकाची जास्त, एकाची कमी, असं आमच्यात चालत न्हाई. आमची युनियन हाय!"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मला हसायला जरा वेळ लागला. टेबलावरचे ते आठ काळे धागे बघताना मला एक नववा आठवला होता. तो कातरला होता, पण मोजला नव्हता.

* * *

भाऊजी दवाखान्यात येत नाहीत म्हटल्यावर मी पेटी उचलली आणि बॉयलर हाउसमध्ये गेले. भट्टीची धग अंगावर येत होती. भाऊजी वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजखाली उभे होते.

"वहिनी, हितं बायका येत न्हाईत."

"मी सिस्टर म्हणून आले आहे."

"मग दवाखान्यात बसा."

मी वर बोट केलं. "भाऊजी, हा काटा कशाला बसवलाय?"

"लाल रेघंच्या म्होरं जाऊ नये म्हनून."

"आणि काटा नसताच तर?"

"तरी मला कळतंय. नुसत्या आवाजावरनं सांगतो. ह्या बॉयलरला मी माझ्या बायकूपरीस जास्त ओळखतो."

"मग काढून टाका तो काटा."

दोन्ही फायरमन फावडी टेकून ऐकत होते.

"त्यो काटा इन्स्पेक्टरसाठी हाय," भाऊजी म्हणाले. फायरमन हसले. मीही हसले.

मी निघाले तेव्हा मात्र भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, दादा गेला तवा तुमी घरातच हुता. ही पेटी बी घरातच हुती. काय उपेग झाला?"

मी पेटी उचलून परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी फायरमन लोकांनी माझ्यासाठी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून ठेवला, बसायला. आठवडा संपायच्या आत बॉयलर हाउसमधल्या सगळ्यांची प्रेशरं मोजून झाली. एक सोडून!

* * *

मग मी घरच्या बाजूने चढाई केली. माझी जाऊ कमल शहाणी आहे. तिच्या हाती गोळ्या दिल्या. रोज सकाळी चहाबरोबर एक. पंधरा दिवसांनी तिला त्या अंगणात तुळशीच्या कुंडीत सापडल्या, मोजून पंधरा. आमच्या तुळशीचं प्रेशर तेवढं उत्तम असणार!

मग मिठावर आलो. कमल भाऊजींची भाजी वेगळी काढू लागली, अळणी. भाऊजी मुकाट्याने जेवायचे. मला संशय आला. शंकरभाऊजी आणि मुकाट्याने? चौकशी केली तेव्हा कळलं, की चाळीतल्या प्रत्येक घरातून त्यांना ठेचा पोचत होता. कोणाचा शेंगदाण्याचा, कोणाचा लसणाचा. शिवाय लोणचं. "भावासारखे आहेत, नाही कसं म्हणायचं?"

सकाळी नळावर बायका जमतात. मी तिथे जाऊन उभी राहिले.

"भाऊजींना जिने ठेचा दिला, तिने त्यांच्या तेराव्याचा स्वयंपाक करायलाही यायचं. मी आत्ताच आमंत्रण देऊन ठेवते."

नळ तेवढा वाहत होता. कोणीही हंडा उचलला नाही. एकजण म्हणाली, "सिस्टर, असं अभद्र बोलू नये." मी म्हटलं, "अभद्र माझ्या घरात न बोलताच होऊन गेलं. आता बोलून बघते."

ठेचा त्याच दिवशी बंद झाला.

संध्याकाळी भाऊजी माझ्या दारात आले. आत आले नाहीत. चप्पल घालूनच उभे राहिले. मला वाटलं, आता भांडणार.

"वहिनी, नळावर काय बोलला ते ऐकलं."

"बरं झालं ऐकलंत."

"तेराव्याला तरी त्यांना मीठ घालाय सांगा!"

आणि निघून गेले.

* * *

बहात्तरला पाऊस आलाच नाही. ऊस उभा वाळला, हंगाम सुरू झाला तसा संपला. हंगामी कामगार दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, तोच सगळ्यांच्या ताटात.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी भाऊजी सोडून पुन्हा सगळ्यांची मोजणी घेतली. वजनं उतरली होती, कंबरा उतरल्या होत्या, प्रेशरं उतरली होती. डॉक्टरांनी आलेख काढला आणि भिंतीवर लावला. लाल रेघ कशी झरझर खाली आली होती! कागदापुरतं बोलायचं तर इतका सुंदर कागद आमच्या दवाखान्यात कधी लागला नव्हता.

सखूबाई म्हणजे आमची आया. तिचे दोन मुलगे आणि सून खडीवर होती. फरशी पुसताना ती थांबली.

"डागदर, ह्यो कागूद कशाचा?"

"लोकांच्या तब्येती सुधारल्या, त्याचा."

"कशानं सुधारल्या?"

डॉक्टर थोडे अडखळले. "म्हणजे... खाणं कमी झालं, अंगमेहनत वाढली..."

सखूबाईने फडकं बादलीत पिळलं.

"मग दुष्काळालाच नोकरीला ठिवा की! तुमाला कशाला पगार द्यायचा?"

डॉक्टरांनी कागद काढला. चारी टाचण्या एकेक करून काढल्या आणि कागद कपाटात ठेवला. नंतर ते कुणाच्या तब्येतीबद्दल "सुधारली" म्हणायच्या आधी विचारायचे, "जेवलास का?"

* * *

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. दुष्काळानंतरचा पहिला हंगाम, म्हणून बॉयलर पेटवायचा समारंभ थाटात करायचं ठरलं.

डॉक्टरांनी त्याआधी एक पत्र दिलं होतं. बॉयलरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं प्रेशर तपासून फिटनेसचा दाखला घ्यावा, त्याशिवाय कामावर घेऊ नये. मॅनेजरसाहेबांनी त्यावर लिहिलं, "हंगाम सुरू झाल्यावर बघू." तोंडी म्हणाले, "सिस्टर, शंकरशिवाय बॉयलर पेटतो का? उगाच अडवू नका." भाऊजी तेव्हा तिथेच उभे होते. मिशीत हसले.

समारंभाच्या दिवशी बॉयलर हाउसला झेंडूच्या माळा. भट्टीच्या तोंडाशी बगॅस, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा, रचून ठेवलेला. समोर दोन पाट. चेअरमनसाहेब आणि त्यांच्या मंडळी पूजेला बसलेल्या. दोरीपलीकडे सगळी कॉलनी. प्रथमोपचाराची पेटी जवळ हवी असा नियम आहे, म्हणून मी दोरीच्या आत कडेला उभी होते.

गुरुजींनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. आवाज मऊ ठेवून म्हणाले, "ताई, आग पडेपर्यंत तुम्ही जरा मागे उभ्या राहा."

मी मागे सरले. ते कमी वाटलं असावं. "आणखी थोडं," गुरुजी म्हणाले. मी राखेच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. वाईट वाटलं असं नाही. दोन वर्षांत सवय झाली होती.

पूजा झाली, दोघं पाटांवरून उठली. चेअरमनसाहेबांनी तुपात भिजवलेला टेंभा पेटवून हातात घेतला आणि ते भट्टीकडे निघाले. दारापाशी शंकरभाऊजी उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"थांबा, साहेब."

"काय झालं? कुठं गळतंय का?"

"बॉयलर चोख हाय. इन्स्पेक्टरनं तपासलाय. सर्टिफिकीट त्या भिंतीवर लावलंय." भाऊजींनी बोट दाखवलं. "चालवनाऱ्याचं न्हाई."

मॅनेजर पुढे धावले. "शंकर, ते नंतर ठरलंय ना!"

"तुमचं ठरलंय." मग भाऊजी वळले आणि माणसांच्या डोक्यांवरून ओरडले, "वहिनी! पेटी घिऊन हितं या!"

मी हलले नाही. गुरुजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "अहो, मुहूर्त चाललाय."

"जाऊ द्या. दुसरा काढा," भाऊजी म्हणाले आणि चेअरमनसाहेबांच्या रिकाम्या पाटावर मांडी घालून बसले. बाही वर केली. "या की वहिनी! दोन वर्सं माझ्या मागं लागला, आन् आता ढिगाआड काय लपता?"

मी राखेच्या ढिगाजवळून निघाले. दोरीपलीकडून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी दुसऱ्या पाटावर बसले, पेटी उघडली, भाऊजींच्या दंडाला पट्टा गुंडाळला. कारखाना अजून बंद होता, आणि माणसंही गप्प. इतकं स्वच्छ मला कधीच ऐकू आलं नव्हतं.

"किती?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"दोनशे."

"म्हणजे?"

"म्हणजे आज त्यांनी फावडं उचलायचं नाही. गोळी घ्यायची आणि बसून राहायचं."

गोळी माझ्या खिशात होती. वर्षभर असायचीच. मी ती भाऊजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी गुरुजींपुढे दुसरा हात केला. गुरुजींनी एकदा चेअरमनांकडे पाहिलं आणि पळीभर तीर्थ घातलं. सगळ्या कॉलनीसमोर भाऊजींनी गोळी गिळली. कमल पदराने डोळे पुसत होती.

"झालं?" मॅनेजर म्हणाले. "आता आग टाकू?"

"टाका की," भाऊजी बसल्या जागेवरून म्हणाले. "टेंभा सिस्टरांच्या हातात द्या."

टेंभा जळत जळत चेअरमनसाहेबांच्या बोटांपर्यंत येत चालला होता. त्यांच्या मंडळी पुढे आल्या, त्यांनी टेंभा साहेबांच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे धरला. गुरुजींनी पंचांग मिटलं.

मी भट्टीत टेंभा टाकला. बगॅस आधी नुसतं धुमसलं, मग एकदम भडकलं. ती आग बघत मी भट्टीच्या उघड्या दारापाशी तशीच उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

तेवढ्यात मागून, नव्या फायरमनवर ओरडतात तसा भाऊजींचा आवाज आला:

"वहिनी, दार लावा, दार! गार हवा आत चाललीया!"